उरलेली सत्तर अक्षरं

दुकानातल्या मुलीने काउंटरवरच्या एका नव्या फोनवर माझं खातं उघडलं, तो माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, "बघा मॅडम, तुमचंच सगळं." काच गार होती. आधी कुणीतरी हाताळून गेलं होतं, त्याच्या अंगठ्याचा तेलकट ठसा तसाच होता, आणि त्या ठशाच्या मागे, धुरकट, माझं एक वाक्य. ‘गच्चीत कपडे वाळत घालत होते. बाळ कडेवर. वाटलं, हात सैल सोडला तर? मग मी’. पुढे काही नाही. ‘मग मी’च्या पुढे नुसती पांढरी जागा. मला वाटलं उरलेलं खाली असेल, कापड दुमडतं तसं आत दुमडलं असेल. बोटाने वर ढकललं. खालून दुसरं वाक्य आलं. त्याच्याही शेवटी तसंच. अंधारात पायरी आहे समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसं झालं. मी फोन उलटा करून पाहिला. वाक्याचा उरलेला भाग काही फोनच्या पाठीवर छापलेला नसतो. पण पाहिला खरा.

"साध्या फोनवरून पाठवत होतात ना?" मुलगी म्हणाली. "मराठीत एका मेसेजमध्ये सत्तरच अक्षरं मावतात, काना-मात्रा धरून. त्याच्यापुढचं दुसऱ्या तुकड्यात जातं. तुम्ही ज्या नंबरवर पाठवता ते लोक पहिला तुकडा तेवढा घेतात. दुसरा टाकून देतात." टाकून देतात. भाजी निवडताना देठ टाकतात तशा आवाजात ती म्हणाली. मग तिने माझ्या खांद्यावरून वाचलं आणि हसली. "मला वाटलं तुम्ही मुद्दामच अर्धं सोडता. सस्पेन्स!"

सस्पेन्स. चार महिने. काउंटरच्या दुसऱ्या टोकाला नवरा दोन फोन दोन तळहातांवर घेऊन वजन करत उभा होता, आणि माझ्या मागे बाकावर सासूबाई बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बाळ त्यांच्या चष्म्याच्या दोरीशी खेळत होतं. मी वळून पाहिलं नाही. मानेवर मात्र त्यांची नजर कळत होती, कपडे तपासताना शिवणीवरून त्यांचा अंगठा फिरतो तशी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, न थांबता.

हे सगळं सुरू केलं धाकट्या दिराने. त्याला घरात टॉवर म्हणतात. एक तर उंची, आणि दुसरं म्हणजे हा माणूस कुणाच्याही घरात शिरला की आधी रेंज कुठे येते ते बघतो आणि मग माणसं बघतो. बाळ चार महिन्यांचं होतं तेव्हा तो बघायला आला. "वहिनी, दिवसभर करतेस काय गं?" त्याने विचारलं. म्हटलं, "दूध पाजते, ढेकर काढते, लंगोट बदलते, दूध पाजते." "मग तुला गंमत देतो एक," तो म्हणाला आणि माझा फोन काढून घेतला. फोन म्हणजे बटणांचा, रबरी बटणांवरचे आकडे पुसत आलेला. "नवीन निघालंय. या नंबरवर मेसेज टाकायचा. मनात येईल ते. खाल्लं, प्यालं, कंटाळा आला, काहीही. ज्याला तुझं वाचायचंय त्याच्या फोनवर जाऊन पडतं." माझं कोण वाचणार, मी म्हटलं. "कुणी नाही वाचलं तरी तिथे राहतं ना." हे मला आवडलं. कुणी वाचत नाही पण राहतं. देवळाच्या भिंतीवर नखाने नाव कोरणाऱ्यांचं काय असतं वेगळं. "फक्त एकशेचाळीस अक्षरांत बसव. आणि सुरू करायला वाचणारा एक तरी लागतो, तो मी टाकलाय." कोण टाकलास, असं मी विचारलं होतं. नक्की विचारलं होतं. पण त्याच क्षणी बाळ त्याच्या शर्टावर ओकलं आणि त्या धावपळीत उत्तर राहून गेलं. मी धरून चालले की त्याने स्वतःलाच टाकलं असेल. आणि टॉवर काही वाचत नाही. स्वतःच्या दारावर चिकटवलेली पाणी बंदची नोटीसही तो वाचत नाही, आणि मग साबण लावलेल्या अंगाने शेजारी बादली मागायला जातो.

एकशेचाळीस अक्षरं ऐकून मला हसू आलं होतं, कारण कापणं हा माझा धंदाच. बाळंतपणाआधी सहा वर्षं मी वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातींच्या खिडकीवर होते. खिडकी नंबर तीन. लोक कागदावर दोन-दोन पानं लिहून आणायचे आणि मी त्यांच्यासमोर लाल पेनने ती पाच ओळींची करायचे. हरवलेला म्हातारा, विकायचं कपाट, भाड्याने खोली, वारलेली आई. एका माणसाने वडिलांच्या निधनाच्या जाहिरातीत लिहून आणलं होतं की ते सकाळी उठल्यावर खिडकी उघडून आधी बाहेरच्या झाडाला काहीतरी म्हणायचे, काय ते कुणाला कधी ऐकू आलं नाही. मी ते वाक्य कापलं. तो म्हणाला, "राहू द्या ना बाई." मी म्हटलं, "बसत नाही." आमच्या हेडबाई नव्या पोरींना शिकवायच्या, महत्त्वाचं आधी घ्या, शेपटी कापली गेली तरी प्राण राहिला पाहिजे. आणि निधनाच्या जाहिरातीची शेवटची ओळ तर कधी लिहावीच लागायची नाही, ती तयार जुळवून ठेवलेली असायची. ‘शोकाकुल, समस्त परिवार’. लोक वरचा भाग आणायचे, शोक आमच्याकडे तयार होता.

म्हणून मी तशीच लिहायचे. दुपारी बाळ झोपलं की दीड तास माझा. कधी पाऊण तास. हात धुऊन, पदराला न पुसता नीट टॉवेलला पुसून, पलंगाच्या कडेला बसून, एका हाताने त्याला थोपटत दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने. आधी मनात खुपणारं ते लिहायचं, ते महत्त्वाचं, आणि मग ते का खोटं आहे ते. सत्तर अक्षरं झाली की कोपऱ्यात दोनचा आकडा यायचा. म्हणजे निरोप दोन तुकड्यांत जाणार. जाईना का, दोन डब्यांची गाडी, पुढचा गेला की मागचाही जातोच. गच्चीतलं पुरतं मला पाठ आहे. ‘मग मी त्याला इतकं घट्ट धरलं की ते रडलं. मग मीही रडले. आता झोपलंय. हसतंय.’ हे सगळं मी लिहिलं होतं. ‘हसतंय’साठी जागा करायला आधीचा ‘फार’ काढला होता, तेही आठवतं.

त्या दिवशी गच्चीत काय झालं होतं? काही झालं नव्हतं. तेच तर सांगता येत नाही. ऊन होतं, चादर ओली आणि जड होती, बाळ डाव्या कडेवर होतं आणि कठडा माझ्या कमरेइतका. खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती, पुन्हा, पुन्हा. मी चादर दोरीवर टाकायला वाकले, आणि माझ्या डाव्या हाताला एकदम कळलं की आपण काय धरलंय आणि आपण ते धरलंय म्हणूनच ते आहे. एवढंच. हाताला कळलं, मला नाही. विचार असा नव्हताच तो. चाकू हातात आला की धार दिसते, तसं. कापायचं नसतं कुणाला, पण धार दिसते. मग खालची स्कूटर सुरू झाली. मी बाळाला असं आवळलं की त्याच्या बरगड्या माझ्या बोटांना लागल्या. मी हे कुणाला सांगू शकत होते? नवऱ्याला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, झोप होत नाही तुझी. खरं आहे, झोप होत नव्हती. तो लिफ्ट दुरुस्त करतो, त्याच्या जगात प्रत्येक गोष्ट एक तर वर जाते, नाहीतर खाली येते, नाहीतर अडकते, आणि अडकली की एक विशिष्ट खटका दाबायचा असतो.

मी सांगितलं फोनला. आणि पाठवलं की दोन-तीन मिनिटांनी पलीकडच्या खोलीत टिंग वाजायचं. आता, दुकानात उभी राहून, हे ‘टिंग’ मला आठवलं, आणि माझ्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. रोज वाजायचं. मी कधी जोडलं नाही. सासूबाईंच्या फोनचा आवाज त्यांना कमी करता येत नाही, आणि दुसऱ्या कुणी केलेला त्यांना चालत नाही, म्हणून तो पूर्ण मोठा असतो. त्यांना कसले कसले जाहिरातींचे मेसेज येतात, तेच असतील असं मला वाटायचं. टिंग वाजायचं, मग त्यांच्या चष्म्याच्या डबीचा टक् आवाज, मग बराच वेळ शांतता. त्या सावकाश वाचतात, ओठ हलवत. मग त्यांच्या पायांचा आवाज. मग माझ्या दारात त्या. "झोपलंय?" "झोपलंय." "बरं." आणि जायच्या. मला राग यायचा. दीड तासातली दहा मिनिटं या बाईने अशी रोज खायची.

"तुम्हाला एकच फॉलोअर आहे," मुलगी सांगत होती. फॉलोअर म्हणजे तुमचं वाचणारा, असंही तिने समजावलं, आणि तिच्या रंगवलेल्या नखाने काचेवर टकटक केलं. एका रिकाम्या चौकोनाशेजारी टॉवरने टाकलेलं नाव होतं. ‘आई घर’. खाली सासूबाईंचा नंबर. त्या पोराने विचार केला असणार, वहिनी बाळाच्या खबरी टाकेल, दात आला, पालथं पडलं, आईला बसल्या जागी कळेल. चांगलाच विचार केला होता त्याने. टॉवर वाईट विचार करतच नाही, त्याला सवड नसते.

आणि मग एकेक गोष्ट जागच्या जागी येऊन बसायला लागली, ज्या गोष्टी मी चार महिने वेगळ्याच कप्प्यात रचत होते. गच्चीच्या निरोपाच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी कपड्यांची दोरी काढून आतल्या खोलीत बांधली. "वर फार ऊन. रंग उडतो," म्हणाल्या. आठवडाभर खोलीला ओल्या कापडाचा कुबट वास, आणि मी मनात म्हटलं, माझं बाहेर पडायचं एकमेव निमित्त यांनी काढून घेतलं. मग टब गेला. निळा प्लास्टिकचा, माझ्या भावाने आणलेला. "तडकला," त्या म्हणाल्या. मी तड पाहिली नाही. त्यानंतर अंघोळ त्या घालायला लागल्या, पाय पसरून, पायांवर पालथं घेऊन. मी टॉवेल घेऊन शेजारी उभी, शाळेत नाटकात काम न मिळालेल्या मुलीसारखी. मग दारातलं स्टूल. रोज दुपारी त्या बाहेरच्या दारापाशी स्टुलावर बसून काहीतरी निवडत, उसवत, शिवत बसायच्या. "तिथे उजेड आहे," म्हणाल्या. मी नवऱ्याला म्हटलं होतं, "तुझी आई माझ्यावर पहारा देते." तो हसला. "अगं, तीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात तपासनीस होती ती. बाई निवृत्त झाली, नजर नाही झाली."

मी बोट सरकवलं. ‘अंघोळीच्या टबात पाणी भरलं. त्याचं डोकं माझ्या तळहातावर, किती हलकं. मला’. पुढे होतं, पोहायला शिकवायचंय याला, त्याने पाण्यावर अशी थाप मारली की माझं तोंड भिजलं. पुन्हा सरकवलं. ‘कधीकधी वाटतं याला इथेच ठेवून दार ओढून निघून जावं. लांब. परत न येता. पण’. पण जिन्यापर्यंत गेले आणि त्याचा वास माझ्याच हातांना येत होता, मग परत आले. ‘मग मी’. ‘मला’. ‘पण’. ज्या शब्दांवरून मी दर वेळी वळायचे, नेमकी तिथेच गाडी तुटत होती. तुटायचं कुठे ते यंत्राने ठरवलं होतं. पण आधी काय आणि नंतर काय, ते मी ठरवलं होतं. महत्त्वाचं आधी. चार महिने मी या बाईच्या फोनवर, भरदुपारी, मोठ्या आवाजात, तिच्या नातवाला मारण्याच्या तऱ्हा पाठवत होते.

आणि त्या काही बोलल्या नाहीत. मुलालाही नाही. हे मला आवडलं की भिववून गेलं, ते मला अजून कळलेलं नाही.

"याच्यात," मागून सासूबाई म्हणाल्या. त्या कधी उठून माझ्या शेजारी आल्या होत्या कळलं नाही. बाळ त्यांच्या उजव्या कडेवर, माझ्यापासून लांबच्या कडेवर. त्या माझ्याशी नव्हे, मुलीशी बोलत होत्या. "याच्यात लिहिलेलं सगळं जातं का?"

"म्हणजे काकू?"

"म्हणजे जेवढं लिहील तेवढं. मधेच तुटत नाही ना?"

"नाही हो काकू. कितीही लिहा. फोटोपण टाका."

"फोटोचं नाही विचारलं मी. सगळं जातं ना?"

"सगळं जातं."

"मग हाच द्या," सासूबाई म्हणाल्या. नवरा लगबगीने आला. "आई, अगं थांब, त्या पलीकडच्याचा कॅमेरा चांगलाय, बाळाचे फोटो..." "हाच," त्या म्हणाल्या, कारखान्यात एखादा सदरा परत फेकताना म्हणत असतील तशा. मग मला आठवलं. फोन घ्यायचा हा विषय काढला तोच मुळी त्यांनी. माझ्या फोनचं पाचाचं बटण आत गेलं ते वर येईना. मी ते सुईने उचकटून वापरत होते. जेवताना त्या मुलाला म्हणाल्या होत्या, "तिला नीट फोन घेऊन दे. तिचं बोलणं पुरं होत नाही." मी तेव्हा नवऱ्याकडे पाहून भुवई उडवली होती. लाच, मी समजले होते. बाळ माझ्याकडे, खेळणं तुझ्याकडे.

मुलीने जुन्या फोनमधलं कार्ड काढलं आणि फोन एका खोक्यात टाकला. खोक्यात तसेच आणखी पाच-सात पडले होते, बटणं वर करून, सगळे एकाच आजाराचे. "थांबा," मी म्हटलं. माझा आवाज इतका मोठा निघाला की बाळ दचकलं. "पाठवलेले मेसेज असतात त्याच्यात. ते बघायचेत मला." उरलेली सत्तर अक्षरं. ती कुठेतरी असतीलच. ती मी या बाईला इथे, आत्ता, काउंटरवर ठेवून दाखवली असती. हे बघा. हसतंय, असं लिहिलंय. मुलीने कार्ड पुन्हा बसवलं, सुईने पाच दाबलं. फोन उघडायला वेळ लागला, नेहमीचे दोन हात एकमेकांत गुंफण्याचं चित्र आलं. ‘पाठवलेले’ उघडलं तर आत काही नव्हतं. "साठवा-ला ‘नाही’ केलेलं आहे," ती म्हणाली. "जागा कमी असली की करतात लोक." कुणी केलं? मीच केलं असेल. बाळाचं रडणं मी त्या फोनवर ध्वनिमुद्रित केलं होतं, पहिल्या दिवसाचं, अकरा सेकंदांचं. त्याला जागा हवी होती म्हणून केलं असेल. मी मान हलवली. तिने फोन परत खोक्यात टाकला. त्याच्याबरोबर ती अकरा सेकंदं गेली हे मला दुकानाबाहेर आल्यावर लक्षात आलं, आणि तरी मी मागे फिरले नाही.

कारण माझ्या मनात दुसरंच काहीतरी शिरलं होतं. खिडकी तीनवरचं. ती तयार ओळ. लोक वरचं आणायचे आणि खालचं आमच्याकडे जुळवलेलं असायचं. माझी दुसरी सत्तर अक्षरं कुठली होती? घट्ट धरलं, रडलं, रडले, हसतंय. धरलं होतंच. रडले होतेच. पण ते लिहिताना, त्याला थोपटत, कोपऱ्यात दोनचा आकडा आल्यावर, मी झालं ते लिहीत होते, की खाली लावायची असतेच म्हणून ती ओळ लावत होते? शोकाकुल, समस्त परिवार. रस्ता ओलांडताना सासूबाई पुढे, बाळ त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होतं. मी हसले. ते हसलं नाही. तोंडातली मूठ चोखत, एखाद्या अनोळखी बाईकडे बघावं तसं नीट, सावकाश बघत राहिलं.

नवऱ्याला दुकानातच फोन आला, कुठेतरी लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती, आत दोन माणसं. तो तसाच गेला. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. लिफ्टवाल्याचं घर, दिव्याखाली अंधार, असं टॉवर दर खेपेला धापा टाकत म्हणतो. चार मजले. सासूबाईंच्या कडेवर बाळ, माझ्या हातात फोनचा खोका आणि त्यांची पिशवी. पिशवीत त्यांचा फोन. पहिल्या मजल्यावर कुणाकडे तरी भांडी घासत होते. दुसऱ्यावर बंद दार. मी म्हटलं, "आई, द्या त्याला माझ्याकडे. जड झालाय आता." "असू दे." "तुमचे गुडघे..." "असू दे गं." तिसऱ्या मजल्याच्या वळणावर त्या थांबल्या. भिंतीला पाठ टेकून श्वास घेतला. जिन्याच्या जाळीतून उन्हाचे चौकोन त्यांच्या लुगड्यावर पडले होते, आणि बाळ त्यातला एक चौकोन चिमटीत पकडायला बघत होतं.

"‘मग मी’च्या पुढे काय होतं?" त्यांनी विचारलं.

त्यांनी वर बघितलं नाही. बाळाच्या झबल्याची गुंडी लावत होत्या, ती लागलेलीच होती. मी हातातला खोका उगाच बगलेत दाबला. चार महिने पाठ असलेलं वाक्य.

"त्याला घट्ट धरलं," मी म्हटलं. "इतकं की ते रडलं. मग मी रडले. मग ते झोपलं."

"हं."

"खरंच, आई."

"मी वाट बघायचे," त्या म्हणाल्या. "वाचून झालं की तसाच फोन हातात धरून बसायचे. वाटायचं, उरलेलं येईल. दोन मिनिटं. पाच मिनिटं. नाही आलं की उठायचे, बघायला." त्यांनी गुंडी सोडली, पुन्हा लावली. "तू त्याच्याकडे पाठ करून झोपलेली असायचीस कधी. कधी बसलेली. मी आधी त्याचं पोट बघायचे. वरखाली होतंय ना."

"मला का नाही विचारलंत?"

"काय विचारू?" त्यांचा आवाज चढला नाही. "विचारलं असतं तर लिहायची थांबली असतीस. मग मला कळलं कसं असतं?"

खाली कुणीतरी नळ बंद केला. भांड्यांचा आवाज थांबला.

"त्या दिवशी," सासूबाई म्हणाल्या, "मी घरातच होते. वरचं सगळं ऐकू येतं खाली. चादर झटकलेली ऐकली मी. रडणं नाही ऐकलं."

"स्कूटर सुरू होती खाली."

"असेल."

"आई, खाली एकजण स्कूटर सुरू करत होता, ती सुरू झाली आणि..."

"असेल गं. मी नाही म्हणते का?"

आम्ही उरलेला मजला चढलो. दाराशी आल्यावर किल्ली कुणाकडे हा प्रश्न आला. किल्ली त्यांच्या कमरेला, आणि कंबर बाळाखाली. त्या थांबल्या. एक हात सोडवून बघितला, जमेना. मी खोका खाली ठेवला, पिशवी खाली ठेवली, दोन्ही हात पुढे केले. ते हात मला माझे वाटले नाहीत, मांडून ठेवल्यासारखे वाटले, तपासायला. सासूबाईंनी माझ्या हातांकडे पाहिलं, मनगटापासून बोटांपर्यंत, मग परत. मागे आमच्या मजल्याचा जिना सरळ खाली जात होता, त्याच्याकडे त्यांनी एकदा पाहिलं. मग त्या एक पाऊल सरकल्या आणि जिना आणि मी यांच्या मधे उभ्या राहिल्या. आणि बाळ माझ्याकडे दिलं. त्याच्या मानेला दुधाचा आणि दुकानाचा वास येत होता. मी त्याला छातीशी धरलं, फार सैल नको आणि फार घट्टही नको, किती धरायचं ते मला आठवेना. सासूबाई डाव्या हाताने कमरेची किल्ली चाचपत होत्या. उजव्या हाताच्या मुठीत बाळाचा एक पाय होता.

कुलूप उघडलं. दार आत ढकललं गेलं. ओल्या कपड्यांचा वास आला. त्यांनी पाय सोडला नाही, आणि आम्ही तिघं तसेच, एकमेकांना अडकून, आडवे होत, आत शिरलो.